तंबाखूच्या फुलाचा दिवा

बेळगावच्या कॅम्पात एका कौलारू बंगल्याच्या मागच्या खोल्यांत आमच्या साहेबांचं ऑफिस होतं. दारावर पाटी होती 'आर्किटेक्चर स्टुडिओ'. साहेब मुंबईला शिकून आलेले. तिकडं नकाशे काढायच्या खोलीला स्टुडिओ म्हणतात, म्हणून त्यांनी हौसेनं तशी पाटी रंगवून घेतली होती. बेळगावात मात्र स्टुडिओ म्हणजे फोटो काढायची जागा. अधूनमधून कुणीतरी नवा पटका बांधून, बायकोला ठेवणीतलं लुगडं नेसवून, पोरांच्या डोक्याला चोपून तेल लावून दारात येऊन उभं राहायचं. मी उठून सांगायचो, "अण्णा, हितं फोटो न्हाय काढत. घराचे नकाशे काढतो आमी." एकदा काकतीचा एक म्हातारा म्हणाला, "मग घराचाच काढ की. आमी दारात हुबं ऱ्हातो." साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी म्हाताऱ्याला चहा पाजला, पण पाटी काही बदलली नाही.

मी बेळगुंदीचा. घरी भाताची शेती, थोडी रताळी. शाळेत चित्रकलेचे मास्तर चांगले भेटले, हात बरा वळला, आणि मॅट्रिकनंतर मी या ऑफिसात चिकटलो. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे, मी तो ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं गिरवायचो. रोज सायकलीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. आमच्या आप्पांना हे काम नीट कळत नव्हतं. ते विचारायचे, "घर गवंडी बांधतो, दारं सुतार करतो. मग तू काय करतोस रं?" मी म्हणायचो, "गवंड्यानं कुठं भिंत घालायची, सुतारानं कुठं दार बसवायचं, ते मी कागदावर काढतो." त्यावर आप्पा थोडा वेळ विचार करून म्हणायचे, "मजी काढलेलं काढायचं काम." ते खरंच होतं. साहेबांनी काढलेलंच मी पुन्हा काढत होतो. स्वतःची अशी एक रेघही मी अजून ओढली नव्हती.

दुसरी मोठी लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. सिमेंट मिळायची मारामार, चांगली काच मिळायची मारामार. अशा दिवसांत एके सकाळी निपाणीहून एक बाई मोटारीच्या पहिल्या गाडीनं आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, पांढरं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. बरोबर त्यांचा दीर होता, पण बोलत होत्या त्याच. जैन घराणं, तंबाखूच्या वखारी, मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावातले सगळे त्यांना आक्का म्हणत. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

त्यांना निपाणीत पोरींसाठी वाचायची जागा बांधायची होती. शाळा नव्हे, नुसती एक मोठी खोली. पुस्तकं, बाकडी आणि उजेड.

"पोरी दिवसा वखारीत असतात न्हायतर घरकामात," आक्का म्हणाल्या. "त्यास्नी सांजचीच सवड. तवा उजेड पायजे. बाकी भिंती कशाबी करा."

साहेब हसले. "भिंती कशाही करा" असं सांगणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी जागा बघून येऊन नकाशा केला. लांबट खोली, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, पुढं ओसरी. आक्कांना तो पसंत पडला. मग एक दिवस साहेबांनी माझ्या फळीवर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "खोलीच्या मधोमध एक मोठा दिवा टांगायचाय. विजेचा. तो तू काढ."

मी विचारलं, "तुम्ही पेन्सिलीनं काढून देता का?"

"नाही. तूच काढ. इमारत माझी, दिवा तुझा."

मी आनंदानं घरी गेलो आणि कमळ काढलं. साहेबांनी कागद बघितला आणि नुसतं "हं" म्हणाले. मग मोर काढला. त्यावर तेवढंही म्हणाले नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला समोर बसवलं. "कमळ तू कुठं बघितलंस?" मी म्हणालो, "चित्रात." "मोर?" "तोही चित्रातच, साहेब." "मग जाऊन काहीतरी डोळ्यांनी बघून ये. दिवा निपाणीत लागायचाय."

पायाचं काम चाललं होतं, म्हणून मला तसंही निपाणीला जावं लागे. एकदा काम आटोपल्यावर मी गावाबाहेर चालत गेलो. थंडीचे दिवस होते. नजर जाईल तिथवर तंबाखू, रुंद, जाड, चिकट पानांची. पण एका शेताच्या कडेला काही झाडं उंच वाढलेली दिसली आणि त्यांच्या शेंड्यांवर गुलाबी फुलांचे घोस होते. मी आयुष्यभर तंबाखू खाणारी माणसं बघितली, पण तंबाखूला असं फूल येतं हे मला ठाऊक नव्हतं. एक फूल तोडून बघितलं. लांब नळी, आणि तिच्या तोंडाशी पाच टोकांची पसरट चांदणी. मी तिथंच बांधावर बसून ते वेगवेगळ्या बाजूंनी काढलं.

आक्कांच्या घरी जाऊन चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं.

"ह्ये तुला कुठं घावलं?"

"शेतात. कडेच्या झाडांवर."

"ती बियाण्याला ठेवलेली झाडं. बाकीच्यांचं शेंडं आमी खुडून टाकतो. फूल आलं की पान भरत न्हाय." त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं. "निपाणीत तंबाखूवर समदी जगतात, पर ह्ये फूल बघायला कुनी थांबत न्हाय. कर ह्याचाच दिवा."

मी फुलाची चांदणी घेतली आणि तिची मोठी उघडी हंडी केली. पितळेच्या पाच पाकळ्या वर वळलेल्या, मधे काचेचा पसरट वाडगा, त्यात बल्ब. उजेड वर छताला लागून खाली झिरपावा, पोरींच्या डोळ्यांवर येऊ नये, असा विचार होता. साहेबांनी पाकळ्यांचा बाक दोनदा सुधारायला लावला आणि मग खाली सही केली. खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत एक तांबट होता, त्याच्याकडं मी कागद घेऊन गेलो. तो मोठा हौशी माणूस. आयुष्यभर घागरी आणि हंडे ठोकून कंटाळलेला. कागद उलटासुलटा करून तो म्हणाला, "ह्यात पानी भरायचं न्हाय ना? मग ठोकतो बिनघोर."

पुढच्या नवरात्राच्या सुमाराला इमारत पुरी झाली. दिवाळीच्या पाडव्याला ती उघडायची असं आक्कांनी ठरवलं होतं. आम्ही दिवा मोटारीच्या टपावर बांधून निपाणीला नेला. वायरमननं तो टांगला, आणि तिन्हीसांजेला आक्का, त्यांच्या घरातल्या बायका आणि आसपासच्या काही पोरी बघायला आल्या. बटण दाबलं. पाकळ्या पिवळ्याधमक दिसायला लागल्या आणि छतावर फुलाची मोठी सावली पडली. सगळ्या वर बघत राहिल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांनी सांगतो, तसा आनंद मला नंतर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हाही झाला नाही.

तो फार वेळ टिकला नाही. भातं पिवळी पडायच्या दिवसांत आमच्याकडं संध्याकाळी बारीक हिरवे किडे दिव्यावर लोटतात. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगायला नको. पण घरी कंदिलाभोवती ते येतात, झाडून टाकतो, त्यात काय एवढं, असंच मला वाटत आलेलं. त्या संध्याकाळी खिडक्या उघड्या होत्या. आधी थोडे आले. मग धुरासारखे आले. दिव्याभोवती फिरून फिरून ते वाडग्यात पडायला लागले, तापलेल्या काचेला चिकटायला लागले. बघता बघता वाडग्याचा तळ काळवंडला. उजेडच मंद झाला.

"साकु, साकु," आक्का कानडीत म्हणाल्या. बस, बस. घरात त्या कानडी बोलत, आणि मनाला लागलं की तीच भाषा तोंडात येई. मग मराठीत म्हणाल्या, "बंद करा त्यो."

दिवा बंद झाला. पोरी घरी गेल्या. ओसरीवर कंदीलही नको म्हणून आक्का तशाच अंधुक उजेडात पायरीवर बसल्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. साहेब म्हणाले, "आक्का, विजेच्या दिव्याला हे व्हायचंच. रोज वाडगा पुसून घ्यायला माणूस ठेवता येईल."

"पुसून घेतलं मजी मेलेलं जिवंत हुतंय व्हय?" आक्का रागानं बोलल्या नाहीत. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बस रं. उगं हुबा ऱ्हाऊ नकोस."

मी बसलो. त्या सांगायला लागल्या. त्यांच्या माहेरी, चिकोडीच्या बाजूला, चातुर्मासात दिवा लावायचा नाही असा कडक नेम होता. ज्योतीवर जीव येऊन जळतात म्हणून. जेवणं तर दिवस बुडायच्या आत व्हायचीच. भावांना पंतोजी सकाळी घरी येऊन शिकवायचे, आणि त्या वेळी आक्का दळण-पाण्यात असायच्या. सांजेला काम संपायचं, तेव्हा अंधार. भावाची पाटी मांडीवर घेऊन त्या अंगणात शेवटच्या उजेडाला बसायच्या. "अक्षर दिसायचं बंद झालं की बोटानं चाचपायची," त्या म्हणाल्या. "मी आयला म्हनायची, एक दिवा लाव. आय म्हनायची, तुझ्या वाचनापायी जीव मारू व्हय? तिचं बी खोटं न्हवतं. मी तवापासनं इचार करतोय, दोन्ही कसं जमायचं."

आमच्याकडं बायकाही "करतोय", "जातोय" असं बोलतात. त्यांचा तो "इचार करतोय" मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.

"दुसरा करशील?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. कसा करणार, ते मला माहीत नव्हतं.

दिवा उतरवून आम्ही बरोबर घेतला होता. परतीच्या गाडीत साहेब म्हणाले, "सरळ आहे. वाडग्याला झाकण घाल." आम्ही तसंच केलं. तांबटानं वरून पितळेचं घट्ट झाकण बसवलं, आणि स्टुडिओत आम्ही दिवा लावून बघितला. आत एकही किडा गेला नाही. पण बल्बची उष्णताही बाहेर जाईना. थोड्या वेळानं वायरचा जळका वास यायला लागला, आणि मी बटणाकडं धावेपर्यंत काच तडकली. ती काच मिळवायला आम्ही किती हिंडलो होतो! साहेबांनी तुकडे गोळा केले आणि म्हणाले, "आता निदान हे कळलं, की दिव्याला श्वास घ्यायला हवा." ते असंच बोलायचे. काम बिघडलं तरी त्यांनी कधी आवाज चढवला नाही.

तडकलेल्या काचेची बातमी सांगायला मीच निपाणीला गेलो. आक्का मागच्या अंगणात आडाजवळ होत्या. नुकतंच पाणी शेंदून त्यांनी घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं लावलं होतं आणि त्यातून पाणी ओतत होत्या. जैनांच्या घरी पाणी असंच गाळून घेतात, हे मला माहीत होतं. पण पुढचं मी कधी बघितलं नव्हतं. घागर भरल्यावर त्यांनी फडकं हलकेच उलटं केलं, त्यावर थोडं गाळलेलं पाणी ओतलं आणि ते एका छोट्या भांड्यात धरून, दोरीनं आडात अगदी पाण्यापर्यंत सोडलं.

"ह्ये काय, आक्का?"

"फडक्यात आलेलं जीव. जिथनं आलं तिथं परत धाडायचं."

मी काचेबद्दल सांगायचं विसरून गेलो. त्या घागरीच्या तोंडाकडं बघत राहिलो. पाणी अडत नव्हतं, जीव अडत होता. मग हवेचंही तसंच का करू नये?

"आक्का," मी विचारलं, "वारा गाळता येईल का?"

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण मी तिथंच जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवायला लागलो, तेव्हा त्या घागर बाजूला ठेवून खाली वाकल्या.

आधी मी फुलाची नुसती चांदणी घेतली होती आणि ती आभाळाकडं तोंड करून बसवली होती, पावसाचं पाणी धरायला ठेवलेल्या परातीसारखी. जे पडेल ते आत साठणारच. आता मी फूल उलटं केलं. चांदणी खाली, नळी वर. खालचं तोंड काचेनं बंद. बल्ब आत. तापलेली हवा नळीतून वर निघून जाईल, आणि पाकळ्यांच्या बुडाशी ठेवलेल्या भोकांतून गार हवा आत येईल. नळीच्या तोंडाला आणि त्या भोकांना बारीक जाळी, जिच्यातून वारा जाईल पण किडा जाणार नाही. नळी उगीच शोभेला राहिली नाही, तिला काम मिळालं.

साहेबांनी कागद बघितला तेव्हा त्यांनी पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. म्हणाले, "नळी थोडी लांब ठेव. लांब असली की हवा जोरात ओढते. आणि काच मधाच्या रंगाची बघ. पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात असं मला वाटतं. खरं की खोटं, लावून बघू." खिडक्यांनाही जाळ्यांच्या चौकटी बसवायचं त्यांनी ठरवलं. जाळीसाठी मी आणि तांबटानं खडेबाजार पालथा घातला. शेवटी मैदा चाळायच्या चाळण्या करणाऱ्याकडं हवी तशी पितळी जाळी मिळाली. तांबटानं ती कापून आतल्या बाजूनं कथलाचा डाग देऊन पक्की बसवली, आणि पाकळ्यांवर आपण होऊन बारीक शिरा ठोकल्या. माझ्या कागदावर त्या नव्हत्या. "तंबाखूच्या शेतात राबलोय मी बी," तो म्हणाला, "उगं सपाट पाकळी बरी दिसत न्हाय." मलाही त्या आवडल्या. मधाच्या रंगाची काच टांगायच्या एका मोठ्या मोडक्या कंदिलाची निघाली. साहेबांनी ती कॅम्पातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून शोधून आणली.

दिवाळीच्या तोंडावर दिवा पुन्हा टांगला. किड्यांचा जोर तेव्हा सर्वांत जास्त, त्यामुळं परीक्षा खरीच होती. संध्याकाळी बटण दाबलं. या वेळी छतावर फुलाची सावली पडली नाही. उजेड सगळा खाली बाकड्यांवर आला, तुपासारखा. साहेबांनी खिशातून वर्तमानपत्र काढून कोपऱ्यातल्या बाकावर बसून वाचून बघितलं. किडे आले. जाळ्यांमुळं कमी आले, पण आले. काचेवर बसले, फिरले, उडाले. आक्का भिंतीला टेकून बघत होत्या. ठरल्या वेळी दिवा बंद केला आणि सगळे आपापल्या वाटेनं गेले. साहेब आणि मी आक्कांच्या वखारीच्या माडीवर मुक्कामाला राहिलो.

सकाळी उजाडल्यावर आक्का अंघोळ करून आल्या. वायरमननं शिडी लावून खालची काच उतरवली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली. मग पदराचं टोक आतून सगळीकडं फिरवलं आणि पदर बघितला. पांढरा पदर पांढराच होता. त्यांनी वायरमनला जाळीही दाखवायला सांगितली. तिथं मात्र नळीच्या तोंडाशी एक किडा मेलेला सापडला.

माझा चेहरा पडला असावा. आक्कांनी तो किडा बोटावर घेऊन तुळशीपाशी मातीत ठेवला. मग म्हणाल्या, "चुलीत बी मरतात, पायाखाली बी मरतात. आपुन जपायचं. तू जपलंस." आणि पुढं, "लई किडं असतील त्या दिवसांत लवकर बंद करू. पोरी पहाटंला ईतील."

पाडव्याला खोली उघडली. भाषणं झाली, ती कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. त्यानंतर मी महिनाभरानं गेलो, दिव्याची जाळी साफ करायची पद्धत वायरमनला दाखवायला. सांज झाली होती. आत बाकडी भरलेली. काही पोरींच्या अंगाला तंबाखूचा वास होता, वखारीतनं तशाच आलेल्या. दिव्याखालच्या जागेसाठी दोघींची हळू आवाजात भांडणं चालली होती. मागच्या बाकावर एक मराठीतून वाचत होती, दुसरी कानडीतून, आणि एकमेकींचा आवाज कानावर येऊ नये म्हणून दोघींनी कानांत बोटं घातली होती. पलीकडं खिडकीशी आक्का बसल्या होत्या, मोठ्या टायपातलं पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून.

मी शिडी घेऊन मधोमध गेलो. दिवा उतरवायचा तर तो आधी बंद करायला हवा. दिव्याच्या बरोबर खाली बसलेल्या पोरीला मी म्हणालो, "अगं, जरा बाजूला होतेस का? थोडा वेळ दिवा बंद करतो."

ती वर न बघताच म्हणाली, "थांबा. एवढं पान होऊ दे."

मी शिडी भिंतीला लावली आणि थांबलो.